शालेय पोषण आहार : सरकारचे देणे आणि गावाची देखरेख

सरकार तांदूळ देते, डाळ देते, स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मानधन देते. मग आमच्या गावच्या शाळेतील खिचडी एका आठवड्यात दाट आणि दुसऱ्या आठवड्यात पाण्यासारखी पातळ का होते, आणि ती सुधारावी असे आम्हां पालकांना कितीही वाटले तरी आमच्या हाती आहे तरी काय? शालेय पोषण आहाराचा विषय निघाला की हा प्रश्न हटकून विचारला जातो आणि त्याला बहुधा दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो की सगळा दोष सरकारी कारभाराचा आहे, तेव्हा वरून हुकूम सुटल्याखेरीज काही व्हावयाचे नाही; दुसरा म्हणतो की गावाने मनावर घेतले तर सरकारच्या तोंडाकडे पाहण्याची गरजच उरणार नाही. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. कायद्याने आणि सरकारी तिजोरीने जे द्यावयाचे ते पुरेसे व वेळेवर दिले गेले, आणि गावाने त्यावर रोजच्या रोज नजर ठेवली, तरच मुलांच्या ताटातील अन्न सुधारते. यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेऊ पाहिली की त्याची झळ प्रथम मुलांच्या पोटाला लागते. हे कसे घडते, ते या प्रकरणात क्रमाने पाहू.

१. कोरड्या तांदळापासून शिजलेल्या अन्नापर्यंत

शाळेत मुलांना जेवण द्यावे ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. मद्रास शहराच्या नगरपालिकेने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आपल्या काही शाळांतून तिचा प्रयोग केला होता. पुढे १९५६ च्या सुमारास मुख्यमंत्री कामराज यांनी तिला त्या राज्यात मोठे स्वरूप दिले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा विस्तार केला. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशव्यापी योजना सुरू केली खरी, परंतु बहुतेक राज्यांनी शिजलेल्या अन्नाऐवजी महिन्याला तीन किलो कोरडे धान्य देणेच पसंत केले, आणि तेही ऐंशी टक्के हजेरी भरलेल्या मुलाला. महाराष्ट्रातील पुष्कळ पालकांना पिशवीतून घरी आलेला तो तांदूळ आजही आठवत असेल. त्या तांदळाने घराला थोडा आधार मिळाला. पण तो घरच्या हंड्यात पडला की पाचसहा तोंडांत वाटला जाई, आणि सकाळी उपाशीपोटी शाळेत आलेले मूल दुपारीही उपाशीच बाकावर बसे. पोषण ज्याचे व्हावयाचे त्याच्या मुखी घास पोचेलच अशी खात्री त्या पद्धतीत नव्हती.

हे चित्र न्यायालयाच्या आदेशाने बदलले. २००१ च्या एप्रिल महिन्यात, राजस्थानात दुष्काळ आणि सरकारी गोदामांत धान्याच्या राशी अशी विपरीत स्थिती असताना, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला वर्षातील किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न मिळाले पाहिजे. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पहिली ते आठवीच्या मुलांचा हा हक्क संसदेच्या शिक्क्यानिशी मान्य केला. या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी घ्यावयाची ती ही, की शाळेतील जेवण हा सरकारचा उपकार नसून कायद्याने मान्य झालेले देणे आहे, आणि देण्याचा हिशेब मागण्यास कोणी संकोचावे असे काही नाही.

२. ताटात किती असावयास हवे?

हिशेब मागावयाचा तर आधी माप ठाऊक हवे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दर दिवशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ वा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. सहावी ते आठवीच्या मुलासाठी ते दीडपट, म्हणजे अनुक्रमे १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम आहे. लहान मुलाला यातून निदान ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि मोठ्याला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. उष्मांक म्हणजे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या शक्तीचे माप, आणि प्रथिने म्हणजे स्नायू, रक्त व हाडे यांची वाढ ज्यावर अवलंबून असते ते द्रव्य, एवढे येथे समजून घेतले तरी पुरे.

आता ही शक्ती येते कोठून ते पाहा. लहान मुलाच्या ताटातील शंभर ग्रॅम तांदूळ सुमारे ३४० उष्मांक देतो, डाळ सुमारे ७०, तेल ४५ आणि भाजी २५, एकूण ४८०. म्हणजे डाळ निम्मी घातली आणि भाजी अजिबात वगळली, तरी ४२० उष्मांक भरतात व पोट भरल्यासारखे वाटते. फरक पडतो तो प्रथिनांत, आणि लोह, जीवनसत्त्वे इत्यादी सूक्ष्म पण अत्यावश्यक घटकांत. आणि ही तूट त्या दिवशी कोणाच्या नजरेस येत नाही, ती महिन्यामहिन्यांनी मुलाच्या खुंटलेल्या उंचीत व फिकट चेहऱ्यात दिसू लागते. म्हणूनच पातळ खिचडीकडे चवीची तक्रार म्हणून पाहणे चुकीचे आहे. पातळ खिचडी म्हणजे डाळीची आणि भाजीची चोरी, मग ती कोणी हेतूने केलेली असो वा परिस्थितीने घडवलेली असो.

३. परिस्थिती ही चोरी कशी घडवते?

तांदूळ केंद्र सरकार भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून विनामूल्य देते. उरलेल्या जिनसा, म्हणजे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी दर मुलामागे दर दिवसाला एक रक्कम ठरलेली असते. २०२५ च्या मे महिन्यापासून ती प्राथमिक वर्गांसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी १० रुपये १७ पैसे अशी आहे. बहुतेक राज्यांत या खर्चाचे साठ टक्के केंद्राने आणि चाळीस टक्के राज्याने उचलावयाचे असतात.

समजा, डाळ किलोला १२० रुपये, तेल १५० रुपये आणि भाजी ४० रुपये आहे. वीस ग्रॅम डाळीला २ रुपये ४० पैसे, पाच ग्रॅम तेलाला ७५ पैसे आणि पन्नास ग्रॅम भाजीला २ रुपये लागले. बेरीज ५ रुपये १५ पैसे झाली आणि मसाला व इंधन यांसाठी १ रुपया ६३ पैसे उरले. कसेबसे भागते. आता पावसाळ्यात भाजी ८० रुपयांवर गेली असे धरा. एकट्या भाजीचे ४ रुपये होतात, बेरीज ७ रुपये १५ पैशांवर जाते आणि चूल पेटण्याच्या आधीच रक्कम ओलांडली जाते. महाराष्ट्रातील ग्रामीण शाळांना डाळी, तेल व मसाले सहसा नेमलेल्या पुरवठादाराकडून वजनावर मिळतात आणि भाजी व इंधन यांसाठी तेवढी रोख रक्कम मिळते. तेव्हा बाजार चढला की सर्वांत आधी आखडतो तो भाजीचा हात. रक्कम दोन-तीन महिने उशिरा आली, तर मुख्याध्यापकाला वाण्याकडे उधारी करावी लागते किंवा पदरमोड करावी लागते; आणि पदरमोडीवर चालणारी व्यवस्था कोणत्या दिवशी कोलमडेल याचा नेम नसतो.

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. एका आठवड्यात खिचडी दाट आणि दुसऱ्या आठवड्यात पातळ होते, याचे एक कारण गावाच्या आवाक्याबाहेरचे आहे: दर गोठलेले आणि बाजार वाहता. हे कारण धोरण बदलूनच दूर व्हावयाचे. उरलेले अर्धे उत्तर मात्र गावातच आहे.

४. दारे धरणारे हात

धरणातून कालव्याला पाणी सोडणे हे सरकारचे काम. पण ते प्रत्येक वाफ्याला पोचावयाचे तर कोणीतरी बांधावर उभे राहून दारे धरावी लागतात, नाहीतर पाणी वरच्याच वावरात मुरते आणि खालचे पीक वाळते. आणि कालवाच कोरडा असेल तर दारे धरणाऱ्याच्या श्रमांना काही अर्थ उरत नाही. शाळेच्या जेवणाच्या बाबतीत दारे धरण्याचे हे काम कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवलेले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीचे तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात; अन्नसुरक्षा कायद्याखालील २०१५ च्या नियमांनी जेवणाची देखरेखही तिच्याकडेच दिली. दुर्दैव असे की पुष्कळ ठिकाणी ही समिती ठरावांवर सह्या करण्यापुरतीच भरते.

देखरेख म्हणजे शिक्षकांवर संशय घेणे असा समज असेल तर तो आधी दूर केला पाहिजे. देखरेख म्हणजे रुजवात. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा शेजारी ठेवून पाहणे. समजा, एका शाळेच्या पटावर साठ मुले आहेत आणि नोंदवहीत रोज साठ मुले जेवल्याचे लिहिले जाते, पण प्रत्यक्ष हजेरी बावन्नच्या पुढे जात नाही. आठ मुलांचा दर दिवशी ८०० ग्रॅम तांदूळ जास्त खर्ची पडतो. महिन्याचे शाळेचे दिवस वीस धरले तर तो सोळा किलो होतो. दोन आयांनी आठवड्यातून एकदा हजेरीपट आणि साठ्याची वही एकत्र ठेवून पाहिली, तर ही तफावत पहिल्याच आठवड्यात ध्यानी येईल, आणि ती हेतुपुरस्सर आहे की लिहिण्याच्या हलगर्जीपणातून आली आहे हेही समोरासमोर विचारून कळेल. याच रुजवातीचा प्रामाणिक मुख्याध्यापकालाही आधार असतो, कारण धान्य कमी आले किंवा रक्कम थकली, तर तो एकटा कारकुनांच्या मेजापुढे उभा न राहता त्याच्यामागे समितीचा ठराव उभा राहतो.

५. वाढण्यापूर्वीची चव

मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्यांनी अन्न चाखावे आणि तसे चव नोंदवहीत लिहावे, असा नियम आहे. तो किरकोळ वाटतो. पण त्याची किंमत एका भीषण प्रसंगाने साऱ्या देशाला दाखवली. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतले जेवण खाऊन तेवीस मुले मृत्युमुखी पडली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस नावाचे पिकांवर फवारावयाचे कीटकनाशक सापडले. चव घेण्याचा नियम त्या वेळी नव्हता असे नाही. तो पाळला गेला नाही.

नियम पाळला जावा याचा उपाय अवघड नाही. मुलांच्या आया पाळीपाळीने, दिवसाला एक वा दोन, स्वयंपाकाच्या वेळी शाळेत याव्यात, धान्य निवडलेले आहे का, तेलाचा डबा स्वच्छ व झाकलेला आहे का, पाणी कोठून आणले हे पाहावे, शिक्षकासह अन्न चाखावे आणि वहीत आपल्या हाताने सही करावी. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनीही मातांच्या अशा उपस्थितीला उत्तेजन दिलेले आहे. जिचे स्वतःचे मूल पंगतीत बसले आहे, ती डाळीत किडे दिसले तर गप्प बसणार नाही. कोणत्याही वार्षिक तपासणीला न साधणारे काम तिची दहा मिनिटांची उपस्थिती करून जाते.

६. स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा प्रश्न

साऱ्या योजनेचा भार ज्या खांद्यांवर आहे ते खांदे अत्यंत गरीब स्त्रियांचे आहेत. पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरापर्यंत दोन आणि पुढे दर शंभरांमागे एक अशा हिशेबाने स्वयंपाकी तथा मदतनीस नेमल्या जातात. आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे २००९ पासून त्यांचे मानधन महिन्याला एक हजार रुपये, तेही वर्षातून दहाच महिने, असे चालत आलेले आहे. महाराष्ट्रासह काही राज्ये त्यात आपली भर घालतात, तरी ती रक्कम शेतमजुरीच्याही मागे राहते. जी बाई सकाळी धान्य निवडते, पाणी भरते, साठसत्तर मुलांचे रांधते, वाढते आणि भांडी घासून घरी जाते, तिला एवढ्या अल्प मोबदल्यात वर्षानुवर्षे राबवून घेणे आणि वर अन्नाच्या दर्जाची अपेक्षा करणे हे न्यायाला धरून नाही.

याच चुलीशी दुसराही एक प्रश्न निगडित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला की या नेमणुकांत दलित आणि अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे. त्यामागील अभिप्राय स्पष्ट होता: सर्व जातींची मुले एका पंगतीत बसून दलित स्त्रीच्या हातचे अन्न जेवू लागली, तर पिढ्यानपिढ्यांची सोवळ्याओवळ्याची भिंत शाळेत तरी पडेल. काही गावांनी हे सहज स्वीकारले, तर काही ठिकाणी पालकांनी मुलांना जेवू देण्याचे नाकारले. लोकसहभाग म्हटला म्हणजे तो न्याय्यच असेल असे गृहीत धरता येत नाही, हे यावरून कळते. बहुमताने झालेला गावाचा ठरावही जर एखाद्या बाईची चूल जातीमुळे हिरावून घेत असेल तर तो कायद्यापुढे टिकता कामा नये. आणि अशा प्रसंगी समितीतील समंजस पालकांनी आपल्या मुलांसह त्याच पंगतीत जाऊन जेवावे, याहून प्रभावी उत्तर नाही.

७. लोकसहभाग कोठवर?

गावाने आपणहून देण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेच्या मागे पालक, मेथी, शेवगा, लाल भोपळा, कढीपत्ता यांची परसबाग लावता येते. तांदूळ धुतलेले पाणी तिला पुरते आणि भाजीचा भाव चढलेल्या दिवसांत तिचा ताटाला खरा उपयोग होतो. गुजरातेत रुजलेली आणि आता केंद्राच्या योजनेत समाविष्ट झालेली तिथीभोजनाची प्रथा, म्हणजे वाढदिवस, श्राद्ध वा सण यांच्या निमित्ताने मुलांना फळ, गोड पदार्थ किंवा पूर्ण जेवण देणे, हीही स्तुत्य आहे.

परंतु येथे एक सीमारेषा आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात मुलांना आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे वा अन्य फळ, देण्याचे ठरवले. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा जादा निधी थांबवण्यात आला आणि ज्या शाळांना हे चालू ठेवावयाचे असेल त्यांनी ते लोकसहभागातून करावे, असे सांगण्यात आले. आता साठ मुलांच्या शाळेचे गणित मांडा. सहा रुपयांना एक अंडे मिळाले तर एका वेळचा खर्च ३६० रुपये. आणि त्या दिवसाची मंजूर रक्कम, ६ रुपये ७८ पैशांच्या दराने, ४०६ रुपये ८० पैसे. ज्या गावात साखर कारखाना आहे, बागायत आहे, शहरात नोकरीला गेलेली मंडळी आहेत, तेथे ही वर्गणी जमेल. पण ज्या पाड्यावरचे आईबापच ऊसतोडीला गेलेले आहेत, तेथे ती कोणापाशी मागावयाची? वर्गणीवर सोपवलेले अंडे सुखवस्तू गावातील मुलाला मिळते, आणि ज्या मुलाला त्याची सर्वाधिक गरज असते त्याच्या ताटातून ते नाहीसे होते. तमिळनाडूसारख्या राज्यांनी अंड्याचा खर्च सरकारी अंदाजपत्रकातच धरला आहे, यात मोठे शहाणपण आहे. म्हणून नियम असा असावा: कायद्याने ठरलेले पोषण तिजोरीतून यावे, त्यावरची आनंदाची भर गावाने घालावी.

८. ब्राझीलने काय केले?

तिजोरी आणि गाव यांची सांगड कशी घालावी याचे एक चांगले उदाहरण ब्राझील देशाने घालून दिले आहे. तेथे प्रत्येक नगरपालिकेच्या क्षेत्रात शालेय आहाराची एक परिषद असते. तिच्या सात सदस्यांत सरकारचा प्रतिनिधी एकच, आणि बाकीचे शिक्षक वा विद्यार्थी, पालक आणि नागरी संघटना यांचे असतात. जमाखर्च या परिषदेपुढे येतो, आणि परिषद नसेल तर केंद्राचा निधी रोखता येतो. शिवाय २००९ च्या कायद्याने असे ठरवले की केंद्राकडून आलेल्या निधीपैकी निदान तीस टक्के रकमेचे अन्न छोट्या शेतकरी कुटुंबांकडून थेट विकत घ्यावे. त्यामुळे शाळेच्या ताटात आसपासच्या शेतातील भाजी व फळे येतात आणि शेतकऱ्याला ठरलेले गिऱ्हाईक मिळते. आपल्याकडेही नाचणी, ज्वारी, बाजरी, भाजी, अंडी या जिनसा तालुक्यातच पिकतात. महिला बचत गट आणि शेतकऱ्यांचे गट यांच्याकडून त्या खरेदी करण्याची कायमची तरतूद झाली, तर दूरच्या पुरवठादाराची वाट पाहण्याचे कारण कमी होईल.

९. ठराव वर कसा न्यावा?

पालकाने सुरुवात करावयाची ती समितीच्या पुढल्या बैठकीपासून. हजेरीपट, धान्याच्या साठ्याची वही, चव नोंदवही आणि खर्चाची वही, या चार वह्या रीतसर मागून पाहाव्यात. मातांच्या पाळीचा तक्ता करून फलकावर लावावा. आणि जे उणे आढळेल ते तारीख व वजनासह ठरावात लिहावे. "जेवण बरे नसते" अशा मोघम तक्रारीची दखल कोणी घेत नाही. "अमुक तारखेपासून चौदा दिवस तूरडाळ आलेली नाही" असे लिहिले तर केंद्रप्रमुखाला आणि गटशिक्षणाधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते. २०१५ च्या नियमांप्रमाणे धान्य, निधी वा इंधन यांच्या अभावी जेवण बंद राहिले तर मुलाला अन्नसुरक्षा भत्ता मिळावयास हवा, आणि सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण न मिळाल्यास जबाबदारी निश्चित करणे राज्यावर बंधनकारक आहे. ही कलमे ठरावात स्पष्ट नमूद करावीत.

एवढ्याने गावातले उणे भरून निघेल. गावाबाहेरचे भरून काढण्यासाठी तोच ठराव ग्रामसभेत मांडून पंचायत समितीकडे, तेथून जिल्हा परिषदेकडे आणि आपल्या आमदाराकडे पाठवावा. आणि त्यात तीन मागण्या असाव्यात: दर दरवर्षी बाजारभावाप्रमाणे आपोआप वाढावा, अंडे किंवा फळ अंदाजपत्रकात यावे, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना किमान वेतन मिळावे. एका गावाचा असा अर्ज दप्तरात पडून राहू शकतो; परंतु तालुक्यातील शंभर शाळांचे, वजनमापासह आणि पालकांच्या सह्यांनिशी आलेले ठराव फाइलबंद करून ठेवणे कोणत्याही शासनाला सोपे जाणार नाही. शिजलेल्या अन्नाचा हक्क या देशातील मुलांना मिळाला तो मागितल्यामुळे. पुरेशा आणि सकस अन्नाचा हक्कही मागूनच मिळवावा लागेल, आणि ती मागणी करण्याचा पहिला अधिकार ज्यांची मुले त्या पंगतीत बसतात त्या पालकांचाच आहे.